गोष्टीचें नवें घर : सई परांजपे ह्यांची कारकीर्द

गोष्ट सांगणारा माणूस जुना आणि गोष्ट पोहोंचविणारें साधन मात्र दर पिढीला नवें, असा प्रकार आपल्याकडे निदान शंभर-सव्वाशें वर्षें चालला आहे. कीर्तनकाराच्या मागून छापखाना आला, छापखान्यामागून बोलपट आला, पाठोपाठ घराघरांत रेडिओ बोलूं लागला, आणि शेवटीं दिवाणखान्याच्या कोपऱ्यांत चित्रें दाखविणारी पेटी येऊन बसली. प्रत्येक वेळीं जाणत्यांनीं नाकें मुरडलीं. कादंबऱ्यांनीं मुलें बिघडतात, ही आजोबांची तक्रार मुलानें बोलपटाविषयीं केली आणि नातवानें दूरचित्रवाणीविषयीं. त्या तक्रारींत तथ्य नव्हतेंच असें नाहीं. परंतु एखादें साधन चांगलें कीं वाईट, हें ठरविण्यापूर्वीं त्याकडे कोणत्या योग्यतेचीं माणसें वळलीं आणि तेथें जाऊन त्यांनीं काय केलें, हें पाहणें अधिक उपयोगाचें असतें.

इंग्लंडांत बी. बी. सी. नें २ नोव्हेंबर १९३६ रोजीं लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून दूरचित्रवाणीची सेवा सुरू केली. महायुद्धांत ती बंद पडली, १९४६ सालीं पुन्हां चालू झाली, आणि मग लेखकांची गरज भासूं लागली. नायजेल नील नांवाच्या एका तरुण कथालेखकाचा कथासंग्रह १९४९ सालीं प्रसिद्ध झाला होता. त्यास सॉमरसेट मॉमच्या नांवाचें पारितोषिकहि मिळालें होतें. प्रकाशकांची अपेक्षा अशी कीं, ह्यानें आतां कादंबरी लिहावी. हा गृहस्थ मात्र बी. बी. सी. च्या नोकरींत शिरला आणि १९५३ सालीं त्यानें सहा भागांची एक मालिका लिहिली. ती प्रत्यक्ष घडत असतांनाच प्रक्षेपित होई. ती पाहावयास लोक घरांत थांबून राहिले. आज त्या सहांपैकीं पहिले दोनच भाग शिल्लक आहेत. उरलेले चार कोणींच साठवून ठेवले नाहींत. कथासंग्रह मात्र ग्रंथालयांत अजून मिळतो. जो लेखक कागद सोडून ह्या पेटीकडे जातो, तो काय मिळवितो आणि काय गमावितो, ह्याचा हिशेब ह्या एका उदाहरणांत पुष्कळसा आला आहे. महाराष्ट्रांत हाच हिशेब ज्यांच्या कारकिर्दींत स्पष्ट मांडलेला दिसतो त्या सई परांजपे.

घराणें प्रसिद्ध. आजोबा रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे कोंकणांतील मुर्डी गांवचे. केंब्रिजला १८९९ सालीं सीनियर रँग्लर होण्याचा मान मिळविणारे पहिले भारतीय. फर्ग्युसन महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले, पुढें लखनौ विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या कन्या शकुंतला परांजपे ह्यांनीं १९३७ सालच्या शांतारामबापूंच्या 'कुंकू'च्या हिंदी आवृत्तींत, म्हणजे 'दुनिया न माने' ह्या बोलपटांत, काम केलें. संततिनियमनाच्या प्रचारासाठीं आयुष्य वेंचलें. १९६४ ते १९७० ह्या काळांत त्या राज्यसभेच्या नामनियुक्त सभासद होत्या. पिता यूरा स्लेप्झॉफ हे रशियन चित्रकार. १९ मार्च १९३८ रोजीं लखनौस सईचा जन्म झाला. आईवडिलांचा संसार टिकला नाहीं, आणि मुलगी आईबरोबर आजोबांच्या घरीं वाढली. १९४४ ते १९४७ रँग्लर ऑस्ट्रेलियांत हिंदुस्थानचे हायकमिशनर होते. त्यामुळें बालपणाचीं कांहीं वर्षें कॅनबेऱ्यांत गेलीं, बाकीचीं पुण्यांत.

गणिती आजोबा आणि शिस्तीची आई, अशा घरांत मुलीच्या हातीं पाटी-पेन्सिल लवकर यावी ह्यांत नवल नाहीं. नवल हें कीं, १९४६ सालीं, वयाच्या आठव्या वर्षीं, तिच्या परीकथांचें 'मुलांचा मेवा' हें पुस्तक छापून निघालें. आठव्या वर्षीं पुस्तक निघणें हा पुष्कळदां घरच्यांच्या कौतुकाचा भाग असतो, आणि अशा बालग्रंथकारांची पुढें कांहीं वार्ता कानीं येत नाहीं, हें कोणत्याहि शाळेंत आयुष्य घालविलेल्या माणसास ठाऊक असतें. येथें तसें झालें नाहीं. त्याचें एक कारण पुण्यांतच, फर्ग्युसनच्या टेंकडीजवळ, राहत होतें. नात्यानें मामा लागणारे अच्युत रानडे हे त्या काळचे चित्रपट-दिग्दर्शक. त्यांच्या घरीं ही मुलगी चालत जाई आणि ते तिला गोष्टी सांगत. त्या गोष्टी ते साध्या कथा म्हणून सांगत नसत. पटकथा वाचून दाखवावी तशा, एका दृश्यामागून दुसरें दृश्य, अशा रीतीनें सांगत. 'एक होता राजा' असें ऐकणें वेगळें, आणि राजा कोठें उभा आहे, दार कोणत्या बाजूचें उघडतें, आंत प्रथम कोणाचें पाऊल पडतें, हें ऐकणें वेगळें. परीकथा लिहिणाऱ्या मुलीच्या कानावर हें दुसऱ्या प्रकारचें कथन लहानपणींच पडत होतें.

पुण्याचें आकाशवाणी केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजीं सुरू झालें. महाविद्यालयीन वयांतच सईबाई तेथें निवेदिका म्हणून रुजू झाल्या आणि मुलांच्या कार्यक्रमांत रमल्या. आकाशवाणीच्या नोकरीस कोणी साहित्याची शाळा म्हणत नाहीं, पण तशी ती होती. येथें ऐकणारास चेहरा दिसत नाहीं, पान उलटून मागें जातां येत नाहीं, आणि वाक्य लांबलें तर मूल उठून अंगणांत खेळावयास जातें. ह्याच काळांत त्या मुलांसाठीं नाटकें लिहूं लागल्या. 'पत्तेनगरींत', 'शेपटीचा शाप', 'जादूचा शंख' हीं त्यांचीं बालनाटकें. अरुण जोगळेकर ह्या नाट्यप्रेमी तरुणाच्या सहकार्यानें पुण्यांत मुलांची रंगभूमि उभी राहिली. पुढें त्यांचा विवाह झाला. तो संसार फार काळ टिकला नाहीं, परंतु कामांतील स्नेह जोगळेकर १९९२ सालीं निवर्तेपर्यंत तुटला नाहीं, ही गोष्ट आपल्याकडील रूढ समजुतींत बसणारी नाहीं. म्हणूनच नमूद केली पाहिजे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्यविद्यालयाचा अभ्यासक्रम त्यांनीं १९६३ सालीं पुरा केला. इब्राहिम अल्काझी नुकतेच तेथील संचालक झाले होते, आणि त्यांचा दरारा विद्यार्थ्यांच्या पिढ्यांनीं सांगितलेला आहे.

आतां दिल्लीच्या दूरचित्रवाणीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. कारण तिचें मूळचें रूप आजच्या पिढीस कल्पनेनेंहि समजणें कठीण. १५ सप्टेंबर १९५९ रोजीं प्रयोग म्हणून तेथें प्रक्षेपण सुरू झालें. युनेस्कोचें साह्य होतें, जागा आकाशवाणीच्या इमारतींतील, आठवड्यांतून दोनच दिवस आणि तेंहि थोडा वेळ. दिल्लीच्या आसपासच्या मोजक्या मैलांपलीकडे चित्र पोहोंचत नसे. दररोजचें प्रक्षेपण १९६५ सालीं सुरू झालें. ह्या दूरचित्रवाणीवर पंडित नेहरूंची पहिली मुलाखत घेणारे पु. ल. देशपांडे होते, हें मराठी माणसास अभिमानानें आठवतें. वास्तविक ती एक व्यक्तिगत योगायोगाची गोष्ट नव्हती. आकाशवाणीनें १९५० नंतरच्या दशकांत नांवाजलेल्या साहित्यिकांस 'निर्माता' म्हणून नोकरींत घेण्याची पद्धति पाडली होती. पु. ल. आले ते त्याच वाटेनें. व्यंकटेश माडगूळकर पुणें केंद्रावर ग्रामीण कार्यक्रमांकडे गेले तेहि त्याच वाटेनें.

ह्या 'निर्माता' शब्दानें घोटाळा होतो. चित्रपटाच्या धंद्यांत निर्माता म्हणजे पैसा घालणारा. सरकारी आकाशवाणींत आणि पुढें दूरचित्रवाणींत निर्माता म्हणजे कार्यक्रम प्रत्यक्ष घडविणारा. विषय त्यानें सुचवावा, बहुतेक वेळां संहिताहि त्यानेंच लिहावी, नट निवडावे, तालमी घ्याव्या, नेपथ्यासाठीं लांकूड-कापड मंजूर करून घ्यावें, आणि प्रक्षेपणाच्या वेळीं कांचेमागें बसून कोणत्या कॅमेऱ्याचें चित्र बाहेर जावें हें क्षणाक्षणाला सांगावें. लेखकाच्या टेबलापासून कारकुनाच्या टेबलापर्यंत सर्व कामें एका माणसाच्या माथीं. सईबाई दिल्लीस अशा निर्मात्या झाल्या आणि कांहीं वर्षें त्यांनीं हें काम केलें.

तेव्हांचें नाटक कृष्णधवल, स्टुडिओ लहान, चार-सहा पात्रांहून अधिक गर्दी परवडत नसे. एकदां आरंभ झाला कीं मध्यें थांबण्याची सोय फारशी नाहीं. रंगभूमीवर नटाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला पाहिजे, म्हणून त्यास थोडें मोठें वागावें लागतें. येथें पाहणारा तीन हातांवर, आपल्या घरांत, पानसुपारी खात बसलेला. नटानें भुंवई उंचावली तरी तें त्यास दिसतें. कथालेखकास हें रंगभूमीपेक्षां जवळचें वाटावें. कथेंत 'तो गप्प राहिला' असें तीन शब्दांचें वाक्य असतें. रंगभूमीवर हें गप्प राहणें मोठ्या खटपटीनें दाखवावें लागतें. लहान पडद्यावर तें नुसत्या चेहऱ्यानें होतें. ह्या माध्यमास भव्यता झेंपत नाहीं, पण दोन माणसांमधील अवघडलेपण तें फार चांगलें दाखवितें. सईबाईंच्या पुढील सर्व लेखनाचा पिंड पाहिला, तर त्यांत लढाया नाहींत, खलनायकहि जवळजवळ नाहींत. आहेत ते शेजारी, मित्र, भाडेकरू, मास्तर, बहिणी. हा स्वभावाचा भाग असेल. पण ह्या स्वभावाला त्या चिंचोळ्या स्टुडिओनें खतपाणी घातलें असें म्हणण्यास जागा आहे.

१९७२ सालीं त्यांच्या 'द लिट्ल टी शॉप' ह्या दूरचित्रपटास तेहरान येथें आशियाई प्रक्षेपण संघटनेचें पारितोषिक मिळालें. त्याच वर्षीं २ ऑक्टोबर रोजीं मुंबईस दूरदर्शन केंद्र उघडावयाचें होतें, आणि त्याच्या उद्घाटनाचा कार्यक्रम सिद्ध करण्यासाठीं त्यांचीच निवड झाली. देशांतील हें दुसरें केंद्र. वरळीचा मनोरा दिसूं लागला तशा मुंबईच्या चाळींच्या कौलांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांच्या अँटेना उगवूं लागल्या. १९७३ सालीं सिंहगडावरून पुण्यासहि चित्र दिसूं लागलें. एखाद्या घरीं पेटी आली कीं सायंकाळीं तें घर शेजाऱ्यांचें होऊन जाई. खिडकींतून पाहणारीं मुलें, दाराशीं चपलांचा ढीग, आणि घरच्या बाईची चहा करतां करतां होणारी तारांबळ, हें दृश्य पुष्कळांनीं अनुभवलें आहे.

आणि येथेंच तो गमावण्याचा प्रश्न येतो. त्या काळीं फिती महाग, साठविण्याची व्यवस्था अपुरी. एकदां दाखविलेला कार्यक्रम जपून ठेवावा ही दृष्टिच नव्हती. त्यामुळें त्या पहिल्या वर्षांतील दूरचित्रवाणीवरील नाटकांपैकीं पुष्कळशीं वाऱ्यावर गेलीं. तालमीचे श्रम, संहिता, नटांचें उत्तम काम, सारें एका सायंकाळीं पाहिलें गेलें आणि संपलें. ग्रंथकाराचें पुस्तक वाळवीनें खाल्लें तरी एखादी प्रत कोठें तरी राहते. येथें प्रतच नाहीं. 'मुलांचा मेवा' लिहिणाऱ्या लेखिकेनें पुस्तकांचीच वाट धरली असती तर आज कपाटांत तिच्या संग्रहांची एक ओळ दिसली असती.

तें झालें नाहीं, पण दुसरें कांहीं झालें. सईबाईंनीं दूरचित्रवाणीसाठीं लिहिलेल्या गोष्टी टाकून दिल्या नाहींत. अंधशाळेशीं आलेल्या परिचयांतून 'रैना बीती जाये' हें दूरचित्रवाणीचें नाटक झालें होतें. नोकरी सोडल्यावर तीच गोष्ट वाढवून त्यांनीं 'स्पर्श' हा पहिला मोठा चित्रपट केला. 'धुआँ धुआँ' नांवाच्या दुसऱ्या एका दूरचित्रवाणी-नाटकांतून 'चश्मे बद्दूर' निघाला. म्हणजे ज्या दोन चित्रपटांनीं त्यांचें नांव देशभर झालें, त्यांचे कच्चे खर्डे त्या नष्ट होणाऱ्या पेटींत आधीं लिहिले गेले होते. विद्यार्थी पाटीवर गणित सोडवितो, पुसतो, आणि मग वहींत उतरवितो, त्यांतलाच हा प्रकार.

'स्पर्श' विषयीं जरा थांबून बोललें पाहिजे. अंध मुलांच्या शाळेचा मुख्याध्यापक अनिरुद्ध स्वतः अंध आहे. दिल्लीच्या एका अंधशाळेच्या प्रत्यक्ष मुख्याध्यापकांवरून ही व्यक्तिरेखा सुचली, आणि चित्रणहि त्याच शाळेंत, तेथील मुलांस घेऊन झालें. ह्या माणसाचा स्वाभिमान इतका तिखट आहे कीं, कॉफीचा पेला कोणी हातांत आणून दिला तरी त्यास त्यांत दया दिसते. कविता ही तरुण विधवा शाळेंत मुलांस गाणें आणि गोष्टी सांगावयास येते. दोघांचा विवाह ठरतो. आणि मग अनिरुद्धास शंका येते कीं, ही आपल्यावर प्रेम करते कीं आपल्यासाठीं त्याग करते आहे? हा प्रश्न सोपा नाहीं. आपल्या समाजांत अंध-पंगूंविषयीं जें साहित्य झालें तें बहुधा दयेवर उभें आहे. आंधळा भिकारी दिसला कीं प्रेक्षकानें डोळे पुसावे, हा बोलपटांचा जुना नियम. येथें डोळे पुसण्याची सोयच लेखिकेनें ठेवलेली नाहीं; उलट दया करणाराच्या मनांत काय चाललेलें असतें ह्याची झडती तिनें घेतली आहे. आणि हें सारें चित्रांच्या माध्यमांत, जेथें मुख्य पात्रास चित्रच दिसत नाहीं! आकाशवाणीवर वर्षें काढल्यामुळेंच आवाजावर इतका भार टाकण्याचें धैर्य झालें असावें. ह्या चित्रपटास उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें, सईबाईंस पटकथेचें आणि नसीरुद्दीन शहा ह्यांस अभिनयाचें. असें असून तो सर्वसाधारण प्रेक्षकांपुढें येण्यास पुढें कांहीं वर्षें लागलीं. पारितोषिक आणि चित्रगृह ह्यांची आपल्याकडे सोयरीक क्वचितच जुळते.

'चश्मे बद्दूर' १९८१ सालीं आला आणि त्याला मात्र चित्रगृहें मिळालीं. दिल्लींत एकत्र राहणारे तीन तरुण, त्यांतील दोघांच्या फुशारक्या, तिसऱ्याचें सरळ प्रेम, धुण्याची पूड विकावयास दारोदार फिरणारी मुलगी, आणि उधारीच्या वहीसकट बसलेला पानवाला. गोष्ट म्हणून एवढीच. पण विनोद कोठेंहि कोणाला खालीं पाडून केलेला नाहीं, आणि हिंदी चित्रपटांतील प्रेमगीतांची थट्टा करतां करतां त्या गीतांविषयींचें ममत्वहि लपलेलें नाहीं. १९८३ सालच्या 'कथा'चें मूळ श्री. ग. साठे ह्यांच्या 'ससा आणि कासव' ह्या मराठी नाटकांत आहे. मुंबईची चाळ, कासव म्हणजे प्रामाणिक कारकून राजाराम, ससा म्हणजे गोड बोलून सर्वांस गुंडाळणारा बाशू. इसापाचें कासव शर्यत जिंकतें. ह्या चाळींतील कासवहि शेवटीं जिंकतें. पण जिंकलें तें नक्की काय, असा प्रश्न प्रेक्षक बरोबर घेऊन घरीं जातो. ज्या लेखिकेनें मुलांच्या गोष्टींपासून आरंभ केला तिनें मुलांचीच गोष्ट मोठ्यांसाठीं अशी उलगडून ठेवली. 'कथा'सहि राष्ट्रीय पारितोषिक मिळालें.

इतकें यश पदरीं आल्यावर मोठ्या पडद्याचा माणूस लहान पडद्याकडे सहसा परत फिरत नाहीं. सईबाई फिरल्या. १९८२ सालीं दूरदर्शनला रंग आले होते. ७ जुलै १९८४ रोजीं 'हम लोग' सुरू झाली आणि मालिकांचें युग उघडलें. तिचे लेखक मनोहर श्याम जोशी हेहि हिंदीचे नांवाजलेले कादंबरीकार. त्यांनीं दीडशेंहून अधिक भाग लिहून मध्यमवर्गाच्या घरांत आपलें एक घर बांधलें. सईबाईंनीं १९८४ मध्यें 'अडोस पडोस' आणि १९८५ मध्यें 'छोटे बडे' ह्या मालिका केल्या. 'अडोस पडोस' मध्यें अमोल पालेकर होते. नांवेंच सांगतात कीं विषय तोच, शेजारधर्माचा. आपल्याकडे पुढें मालिकांचा जो महापूर आला त्याच्याशीं ह्यांची तुलना केली तर ह्या अगदीं लहान ओढ्यासारख्या वाटतात. परंतु त्यांत पात्रें भागामागून भाग रडत बसत नाहींत, आणि गोष्ट संपली कीं मालिका संपते. हा साधा नियम पाळणें पुढें कोणास जमलें नाहीं, कारण जाहिरातदार गोष्ट संपूं देत नाहीं. मराठींत रत्नाकर मतकरी ह्यांनीं आपल्या गूढकथांवरून 'गहिरे पाणी' केली तीहि सुटसुटीत गोष्टींचीच. तिच्या भीतीनें रात्रीं दिवा ठेवून झोपणारीं मुलें आतां स्वतः पालक झालीं आहेत.

मुलांकडे सईबाईंचा ओढा कायम राहिला. 'जादू का शंख' आणि 'सिकंदर' हे त्यांचे मुलांसाठींचे चित्रपट सत्तर सालानंतरच्या दशकांतील. बालचित्र समितीचें अध्यक्षपद त्यांनीं दोनदां भूषविलें. मराठी रंगभूमीसाठीं 'जास्वंदी', 'सख्खे शेजारी' हीं नाटकें लिहिलीं. १९९७ सालचा 'साज' हा दोन गायिका भगिनींवरचा चित्रपट पुष्कळांनीं पाहिला आणि त्यावर वादहि पुष्कळ झाला. तो येथें उकरण्याचें कारण नाहीं.

त्यापेक्षां अधिक महत्त्वाचा, आणि तुलनेनें कमी पाहिला गेलेला, चित्रपट म्हणजे १९९० सालचा 'दिशा'. महाराष्ट्रांतील एक कोरडवाहू गांव. दोन मित्र पोटासाठीं मुंबईच्या गिरण्यांकडे निघतात. तिसरा परशुराम गांव सोडीत नाहीं. तो वर्षानुवर्षें विहीर खणतो आहे, पाणी लागत नाहीं, लोक त्यास वेडा म्हणतात. त्याची भूमिका ओम पुरी ह्यांनीं केली. शहरांत जाणारे नाना पाटेकर आणि रघुवीर यादव. गांवीं विडीच्या कारखान्यांत हात चालविणारी स्त्री शबाना आझमी. मुंबईंत हे गांवकरी एका गाळ्यांत राहतात. एकाच खोलींत दाटीवाटीनें माणसें, प्रत्येकाची भिंतीशीं एक ट्रंक, आणि एक पाळीवर गेला कीं त्याच्या जागेवर दुसरा आडवा होतो. आईचें पत्र दुसऱ्यानें वाचून दाखवावयाचें, तेंहि दहा जणांच्या देखत.

हें चित्र निघण्यापूर्वींच, १८ जानेवारी १९८२ रोजीं, गिरणी कामगारांचा तो प्रचंड संप सुरू झाला होता. सुमारें अडीच लाख कामगार बाहेर पडले. पुष्कळशा गिरण्या पुन्हां नीट उभ्या राहिल्याच नाहींत, आणि कापडाचें काम मोठ्या प्रमाणांत भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेलें. म्हणून 'दिशा'मधील गाळा ठाणें जिल्ह्यांतील माणसास परका वाटत नाहीं. भिवंडींत यंत्रमागांच्या खडखडाटांत उत्तर प्रदेश, बिहार, तेलंगण येथून आलेले कामगार असेच राहिले. आणि भिवंडीजवळच्या वळ गांवीं गेल्यास, जेथें एके काळीं भाताचीं खाचरें होतीं तेथें आतां गोदामांच्या रांगा लागल्या आहेत. त्यांत माल चढविणारे-उतरविणारे तरुण दूरदूरच्या प्रांतांतून येतात आणि भाड्याच्या एका खोलींत कित्येक जण मिळून राहतात. मागांच्या जागीं खोकीं आलीं. ट्रंकेच्या जागीं पाठीवरची पिशवी आली. पत्र वाचून दाखवावें लागत नाहीं, फोनच्या पडद्यावर घरचा चेहरा दिसतो. पण तोहि दहा जणांच्या देखतच. 'दिशा'च्या शेवटाकडे परशुरामाच्या विहिरीला पाणी लागतें. हा शेवट कांहींना गोड वाटला, कांहींना भाबडा. मुंबईस गेलेल्या मित्राच्या वांट्याला काय आलें तें ज्यानें नीट पाहिलें असेल, त्यास तो भाबडा म्हणवणार नाहीं.

१९९३ मध्यें त्यांनीं 'चूडियाँ' हा लघुपट केला. महाराष्ट्रांतील खेड्यांत दारूबंदीसाठीं उठलेल्या स्त्रियांची ती हकीकत. सामाजिक विषयावरील चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक त्यास मिळालें. परीकथा, बालनाटक, निवेदन, दूरचित्रवाणी-नाटक, चित्रपट, मालिका, लघुपट, मोठ्यांचें नाटक: हा क्रम पाहिला तर त्यांत चढती पायरी अशी दिसत नाहीं. एक दालन सोडून दुसऱ्यांत जाणें, आणि पुन्हां पहिल्यांत येणें, असेंच तें आहे. ज्यांना कारकीर्द म्हणजे जिना वाटतो त्यांस ह्यांत चंचलपणा दिसेल. वास्तविक हातांतील गोष्ट कोणत्या घरांत नीट राहील, हें प्रत्येक वेळीं नव्यानें पाहण्याची ही सवय आहे.

सन २००६ मध्यें सरकारनें त्यांस पद्मभूषण दिलें. आईस तोच किताब १९९१ सालीं मिळाला होता. ५ एप्रिल २०१३ रोजीं एक गमतीची घटना घडली. 'चश्मे बद्दूर'वरून नव्यानें काढलेला, मोठ्या खर्चाचा, त्याच नांवाचा चित्रपट त्या दिवशीं प्रसिद्ध झाला, आणि त्याच दिवशीं मूळ चित्रपटहि स्वच्छ प्रत करून पुन्हां चित्रगृहांत लावला गेला. बत्तीस वर्षांपूर्वींचे तीन मित्र, आणि त्यांच्यामागें त्याहून जुनें, आज कोठेंहि पाहावयास न मिळणारें 'धुआँ धुआँ'.

२०१६ सालीं सईबाईंचें 'सय' हें कलाप्रवासाचें पुस्तक मराठींत निघालें, आणि २०२० मध्यें इंग्रजींतहि आत्मकथन आलें. पुसल्या गेलेल्या त्या नाटकांपैकीं कांहींची हकीकत आतां निदान कागदावर आहे. त्यानंतर, वयाची ऐंशी उलटून गेल्यावर, त्यांनीं 'इवलेसे रोप' हें नवें नाटक लिहून स्वतः बसविलें. त्यांतील मुख्य पात्रें म्हणजे एक म्हातारें जोडपें.